पाहुण्यांची कळशी

ऐक ना दीपा, मधे एक शब्द बोलू नकोस, नुसतं ऐक, कारण मी थांबले तर मला हे पुन्हा धरता येणार नाही. आपली समिधा, पालघरजवळच्या माहीमची, पानवेलीच्या वाडीवाली, ती बोईसरला पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागली ना, तिचं सांगतेय. सकाळी आली, पंखा लावला, ओढणी खुर्चीला अडकवली, एवढ्यात मितेश सरांनी केबिनमधून मान बाहेर काढली. ओरडले वगैरे अजिबात नाहीत. म्हणाले, "समिधा, पालघरच्या ऑफिसातून फोन होता. आपल्या रिपोर्टात तो पाड्यांचा टेबल आहे ना, तो कशावरून काढला विचारतायत. दुपारच्या बैठकीला मूळ डेटा घेऊन या म्हणाले. काढून ठेव हां, बेटा." बस, इतकंच. पण सर बेटा म्हणाले की समिधा सावध होते, कारण प्रदीपला काढलं त्याच्या आदल्या दिवशीही ते त्याला बेटाच म्हणाले होते.

प्रदीप म्हणजे तिच्या आधीचा मुलगा. उन्हातान्हात गावोगाव फिरून पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा, आकडे लॅपटॉपवर चढवायचा. तो गेला, सिल्वासाला कुठेतरी लागला म्हणतात, नंबर बदलला. मागे राहिली त्याची एक फाईल, आणि फाईलीत एकच पान, पानावर तो टेबल. पिव्होट टेबल. तू कॉमर्सची, तुला माहितीय, पण तरी सांगते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल. पिव्होट म्हणजे वाटलेली चटणी. पाट्यावर सगळं रगडून गोळा केलेला असतो, चव लागते, पण त्यातलं खोबरं कुठल्या झाडाचं आणि मिरची कोणाच्या परसातली, ते आता कोणी सांगू शकत नाही. डावीकडे पाड्यांची नावं, मधे खारेपणाची सरासरी, उजवीकडे 'मर्यादेत' किंवा 'मर्यादेबाहेर'. समिधानं तो गोळा उचलला, रिपोर्टात ठेवला, कडेनं निळ्या रेघा मारल्या, आणि खाली 'तयार करणार' म्हणून स्वतःचं नाव घातलं. तेव्हा तिला केवढं भारी वाटलं होतं! तिच्या आईला, माईला, फोटो पाठवला होता तिनं त्या पानाचा. आता तेच नाव पानाच्या तळाशी बसून तिच्याकडे बघत होतं, रिकाम्या घराच्या दारावर पाटी असावी तसं.

तिनं शोधलं गं, सगळीकडे शोधलं. पिव्होटवर क्लिक करून 'चेंज डेटा सोर्स', म्हणजे आकडे कुठून आले ते, उघडलं, तर आतमधे प्रदीपच्या जुन्या लॅपटॉपचा पत्ता. तो लॅपटॉप रिसेप्शनला. पुसून, धुऊन, नवा करून दिलेला, आणि पडद्यावर रिसेप्शनच्या मुलीच्या भाच्याचा फोटो. मेल बघितले. पेन ड्राइव्ह बघितले, एकात नुसती लग्नाची गाणी. जुन्या छापील कागदांचा गठ्ठा चहावाल्यानं भज्यांना नेलेला. बाहेर एमआयडीसीतला तो वास आला, ओल्या नाण्यासारखा, जिभेच्या मागे बसणारा, आणि ती खिडकी लावायला उठली आणि उठून तशीच उभी राहिली. नोकरी गेली तर काय, हा विचार तिनं पुरता केलाच नाही म्हणे. त्याच्या जागी तिला वडलांचं बोट दिसलं.

तिचे बाबा, रामनाथकाका ना, तू पाहिलेत त्यांना. अबोल माणूस. वाडीत विहीर, विहिरीवर पानवेली, केळी, शेवग्याची झाडं. समिधा लहान असताना एका वर्षी त्या विहिरीला काहीतरी झालं. कोणी म्हणे समुद्र आत आला, कोणी म्हणे उपसा फार झाला, प्रत्येकाचं वेगळं. रामनाथकाका रोज सकाळी पोहरा वर काढायचे, एक बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, आणि घराकडे तोंड करून म्हणायचे, "आज बरं हाय." माई ओट्यावरून विचारायची, "बरं म्हंजे कसं बरं?" तर म्हणायचे, "कालच्यापेक्षा बरं." असा एक अख्खा उन्हाळा. पानं कडेनं जळत गेली, वेल बांबूवरून सुटून लोंबायला लागली, तरी सकाळी बोट, जीभ, आज बरं हाय. पोरीला वाटायचं, बाबा सांगतात म्हणजे बरंच असणार. आणि मग ती पाणी प्यायची आणि ते घशात अडायचं, आणि तिला वाटायचं आपल्याच घशाला काहीतरी झालंय.

आणि त्याच घरात, माजघराच्या कोपऱ्यात, एक वेगळी कळशी होती. पितळेची, वर झाकण, झाकणावर उलटा पेला. माई रोज गावाच्या पार पलीकडच्या गोड्या विहिरीवरून ती भरून आणायची, कमरेवर, वाटेत कोणाशी न बोलता. पाहुण्यांची कळशी. घरच्यांनी हात लावायचा नाही. कोणी आलं, पोस्टमन का असेना, विमेवाला का असेना, तर त्यातलं पाणी. "आपल्या घरचं खारं पाणी लोकांच्या तोंडी द्यायचं? लाज नाय वाटत?" समिधा एकदा दुपारी चोरून त्यातलं पेलाभर प्यायली होती. थंड, बेचव, बेचव म्हणजे इतकं सुंदर बेचव! आणि माईनं ओला पेला बघून पाठीत असा धपाटा घातला होता, की ते पाणी आणि तो धपाटा तिच्या अंगात एकच झाले. अजून कोणी तिला थंड पाणी दिलं की पाठ जराशी आखडते तिची.

"काय गं, भूत बघितल्यासारखी उभी काय?" हा धीरज. शेजारच्या टेबलावरचा, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणारा, सदा कानात गाणी. तिनं सांगितलं. तर तो हसला. "अगं वेडे, डबल क्लिक कर ना."

"कशावर?"

"त्या आकड्यावरच. मूळ शीट मेलं तरी पिव्होट पोटात त्याची नक्कल ठेवून असतो. पोट दाबलं की ओकतो. एवढं शिकलीस ती कशाला, माहीमच्या जत्रेत पिपाण्या विकायला?"

तिनं सरासरीच्या आकड्यावर दोनदा टकटक केलं. आणि दीपा, एक नवं पान उघडलं, आपोआप, आणि ओळींमागून ओळी खाली उतरल्या. बाटलीचा नंबर, घरमालकाचं नाव, फोन, जागा: विहीर, खारेपणा. सगळं होतं! तिनं धीरजच्या पाठीत गुद्दा मारला, तो "आई गं" म्हणाला, ती पाणी प्यायली, सरांना केबिनमधे जाऊन "मिळाला सर" सांगितलं, सर म्हणाले "शाब्बास बेटा", आणि ह्या वेळी बेटासुद्धा गोड लागलं. प्रत्येक पाड्याच्या आकड्यावर टकटक, प्रत्येक पाड्याच्या ओळी. सगळ्यांत शेवटी तिनं दांडी गावाच्या अलीकडच्या त्या लहानशा पाड्याचा आकडा दाबला. किनाऱ्याला, मासळीवाल्यांची घरं. 'मर्यादेत' म्हणून ज्याचा टँकर येत्या महिन्यापासून बंद करायचं घाटत होतं, तो पाडा. बैठक त्यासाठीच तर होती.

ओळी उतरल्या आणि तिचं बोट माऊसवरच राहिलं. सगळे आकडे एकमेकांना चिकटलेले, एकाच आईची जुळी पोरं असल्यासारखे. ही विहीर, ती विहीर, ह्या आळीची, त्या आळीची, सगळीकडे तेच गोड पाणी, एका थेंबाचा फरक नाही. असं होत नाही गं. रामनाथकाकांच्या वाडीत आणि शेजारच्या वाडीत मधे एक निवडुंगाचं कुंपण, तरी दोन विहिरींची चव कधी एक नव्हती. विहिरी सख्ख्या बहिणी असल्या तरी स्वभाव एक नसतो, हे त्या बाजूचं शेंबडं पोरही सांगेल. तिला पहिल्यांदा वाटलं, प्रदीप! गेलाच नसणार हा घरोघरी. एक बाटली भरली असेल, माडाखाली बसला असेल, आणि तेच पाणी सगळ्या बाटल्यांत ओतलं असेल. आणि खरं सांगू? तिला बरं वाटलं. कोणीतरी चोर आहे म्हटलं की कसं सरळ होतं सगळं. चोर सिल्वासाला आहे, आपण बोईसरला आहोत, आपण नुसतं दाखवून द्यायचं.

म्हणून तिनं फोन लावला. पहिल्या ओळीतलं नाव, गोजराबाई.

"कोन गो?" पलीकडे वारा, भांड्यांचा आवाज, एक कोंबडी.

"मावशी, मी समिधा, बोईसरच्या लॅबमधून. मागे आमचा मुलगा पाणी न्यायला आलेला ना, प्रदीप?"

"आलेला ना! लई गुणी पोर. घरोघर फिरला बिचारा, उन्हानं नुसता भाजलेला, चेहरा बघ असा सुकटीवानी. मी बोल्ली, बस बाबा, तुजी बाटली दे, मीच भरून आणते."

समिधाच्या कानाची पाळी गरम झाली. "विहिरीवरून ना, मावशी?"

"विहिरीवरून?" गोजराबाई हसली, दात नसलेलं, मोकळं हसली. "अगो बाय, आमच्या विहिरीचं पाणी आमी भांड्यांना पन नाय घेत. ते कसं द्यायचं परक्याच्या पोराला? टँकरचं भरून दिलं ना, हंड्यातलं, चांगलं गाळून. आळीत समद्यांनी तसंच दिलं. तो बोल्ला, हे पाणी मोठ्या साहेबाकडं जानार. मग? साहेबाच्या तोंडी आमचं खारं घालू? आमाला काय रीत नाय?" आणि मग जरा दम खाऊन, परीक्षेचा निकाल विचारावा तशी, "चांगलं निघालं ना गो पाणी? पास झालं?"

दीपा, त्या क्षणी तिला काय झालं ते तिलाही नीट सांगता येत नाही. ती म्हणते, माईचा धपाटा बसला पाठीत. तसाच, त्याच जागी. झाकणावरचा उलटा पेला तिला दिसला, माई कमरेवर कळशी घेऊन बांधावरून येताना दिसली, तोंड घट्ट मिटलेली. आणि तिला कळलं की चोर कोणीच नाही. प्रदीप खरोखर उन्हात घरोघर फिरला. आळीनं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते त्याच्या हातात दिलं. मशीननं बरोबर मोजलं. प्रदीपनं बरोबर उतरवलं. पिव्होटनं बरोबर वाटलं. प्रत्येकानं आपलं काम नीट केलं आणि सगळ्यांचं मिळून तयार झालं हे. आता हात कोणाचा धरायचा? कोणावर ओरडायचं? चोर असता तर किती बरं होतं गं!

"मावशी," ती म्हणाली, आवाज तिचा तिलाच परका, "पाणी चांगलं निघालंय, म्हणून तुमचा टँकर बंद करतायत."

कोंबडी ओरडत राहिली. मग गोजराबाई म्हणाली, "म्हंजे आमी चांगलं दिलं म्हनून?"

"हो. मी सांगेन त्यांना. सांगेन की आम्ही चुकीचं पाणी तपासलं."

"आनि मग तुजं काय?"

"माझं राहू दे."

"राहू दे कसं? रिपोट तुज्या नावानं हाय का?"

समिधा गप्प. गप्प राहायला नको होतं, ती म्हणते. काहीतरी बोलायला हवं होतं, हवापाण्याचं का असेना. कारण तिच्या गप्प राहण्यातून म्हातारीनं सगळं उपसून घेतलं. "घरी कोन कोन हाय तुज्या?" एवढंच विचारलं तिनं. समिधा म्हणाली, आई आहे, बाबा आहेत, वाडी आता नाहीये. "बरं," गोजराबाई म्हणाली, "बरं गो पोरी," आणि फोन ठेवला.

खाली गाडीचा हॉर्न. ड्रायव्हर जिन्यातून ओरडला, "मॅडम, साब बुला रहे हैं, देर हो रही है!" लॅपटॉप छातीशी धरून ती मागच्या सीटवर बसली. कंपन्यांच्या भिंती संपल्या, उमरोळी आलं, दोन्ही बाजूंना मिठागरासारखी कोरडी, भेगाळलेली जमीन. सर पुढे बसून पेढे खात होते, कोणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे. तिनं बोलायला तोंड उघडलं, "सर, त्या दांडीकडच्या पाड्याचं जरा..." सर मागे न बघता म्हणाले, "डेटा आहे ना?" "आहे." "टेबलाशी जुळतो?" "जुळतो सर, पण..." "मग पण कुठनं आला? बेटा, बघ, जे विचारतील तेवढं उत्तर. लॅबचं नाव एकदा खराब झालं तर उद्या बोईसरात आपल्याला कोणी बाटली धुवायलासुद्धा ठेवणार नाही. तुला नाही, धीरजला नाही, मला नाही. पेढा घे." तिनं पेढा घेतला. तो तोंडात तसाच राहिला, मऊ, चिकट, गिळता येईना, आणि ती विचार करत राहिली की बाबा जेव्हा घराकडे तोंड करून "आज बरं हाय" म्हणायचे तेव्हा त्यांच्या जिभेवर ते खारं अजून असेल ना? त्या खाऱ्या जिभेनंच म्हणायचे ना ते? कोणाला वाचवत होते ते, माईला, पोरीला, का त्या विहिरीला? आणि माईला ठाऊक नव्हतं असं कसं होईल? तिनंच तर भात शिजवला त्या पाण्यात, रोज. म्हणजे दोघंही एकमेकांना पाहुण्यांच्या कळशीतलं पाजत होते, अख्खा उन्हाळा, आणि मधे पोर बसलेली.

पालघरच्या त्या मोठ्या इमारतीत बैठकीची खोली इतकी थंड की तिच्या हातांवर काटा आला. प्रत्येकापुढे पाण्याची बंद बाटली आणि त्यावर उलटा पेला. उलटा पेला, दीपा! टेबलाच्या टोकाला तिथल्या अधिकारी मॅडम. चष्मा, साधी सुती साडी, कामाची बाई. वाईट नव्हती गं ती मुळीच, वाईट असती तर बरं. समिधानं ओळी पडद्यावर दाखवल्या, सर गोड हसत राहिले, मॅडम एकेक ओळ बोट फिरवत वाचत गेल्या आणि त्या पाड्यापाशी थांबल्या. "टँकर बंद करणं म्हणजे माझ्या सहीनं कोणाचं तरी पाणी तोडणं," त्या म्हणाल्या. "कागदावर मी विश्वास ठेवते, पण एकदा कानांनी ऐकते. ह्यात फोन नंबर आहेत ना? ह्या पहिल्याच बाईंना लावा. स्पीकरवर."

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं. समिधानं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. आणि तिच्या छातीतून काहीतरी सुटलं म्हणे, एकदम हलकं. देवा, बरं झालं. आता मला बोलायला नको. आता गोजराबाईच बोलेल, हसेल तशीच, सांगेल हंड्याचं, गाळून दिल्याचं, आणि जे व्हायचं ते होईल. नोकरी जाईल, जाऊ दे. घंटी वाजत होती. समिधा त्या घंटीला धरून बसली होती, बुडताना पोहऱ्याचा दोर धरावा तशी.

"कोन?"

"बाई, मी पालघरच्या ऑफिसातून बोलतेय," मॅडम वाकून म्हणाल्या. "मागे लॅबचा मुलगा तुमच्याकडून पाण्याची बाटली घेऊन गेला. ते पाणी कुठलं होतं?"

वारा. भांडी. कोंबडी नव्हती आता. सरांनी घसा खाकरला.

"तिथं ती पोरगी हाय का?" गोजराबाईनं विचारलं. "समिधा?"

"आहे. का?"

"काय नाय. अशीच इचारली." आणि मग तो आवाज वर चढला, स्वच्छ, दारात आलेल्याला ये बस म्हणताना चढतो तसा. "विहिरीचं व्हतं ना, साहेब. आमच्या विहिरीचं. आमचं पाणी गोड हाय."

मॅडमनी मान हलवली, चष्मा काढला, पेन उघडलं. सरांनी टेबलाखाली समिधाच्या मनगटावर थोपटलं. कोणीतरी बाटलीचं झाकण फिरवलं, तो कट् असा आवाज. सगळं संपलं होतं, सगळं जुळलं होतं, टेबल आणि ओळी आणि ओळींमागचं माणूससुद्धा. फक्त पलीकडून फोन ठेवलेला नव्हता. स्पीकर चालूच होता. म्हातारीचा श्वास येत होता त्यातून, सावकाश, आणि त्या श्वासामागे लांब कुठेतरी हॉर्न वाजला, मोठ्या गाडीचा, आणि बायांची आरडाओरड, "आला गो, आला, हंडे काढा," आणि पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज, धावत जाणाऱ्या पावलांचा आवाज, आणि त्या सगळ्यात गोजराबाई हलली नाही, तिथंच उभी, फोन कानाला, समिधा काय बोलते ते ऐकत. मॅडमचं पेन कागदाला टेकलं. समिधापुढचा पेला अजून उलटाच. तिनं तोंड उघडलं.

पुढचं मला विचारू नकोस, ते ती मलाही सांगत नाही. तू सांग दीपा, तिच्या जागी तू असतीस, समोर ते पेन आणि कानात तो श्वास, तर तू काय केलं असतंस?